मदत हवी आहे : अतिथी शिक्षकांच्या मानधनाविरुद्ध दाद नेमकी कोठे मागावी?

बेळगाव जिल्ह्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी चार वर्षे अतिथी शिक्षक म्हणून काम करीत आहे. डी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे. वर्ग, मूल्यमापन, हजेरी, पालकसभा ही सर्व कामे कायम शिक्षकांइतकीच करावी लागतात. मात्र मानधन महिना 12,000 रुपये, आणि तेही सुट्टीत बंद. सीमेपलीकडे महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यात नवा शिक्षण सेवक जानेवारी 2023 पासून 16,000 रुपये घेतो व तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणीत जातो. दोन राज्यांचे नियम वेगळे असल्याने या तुलनेवर दावा उभा राहत नाही, हे मला ठाऊक आहे. खरी तुलना माझ्याच शाळेतील शेजारच्या वर्गावरील कायम शिक्षकाशी आहे.

‘समान कामास समान वेतन’ हे तत्त्व अस्थायी कर्मचाऱ्यांनाही लागू करणारा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2016 चा जगजित सिंग निकाल जोडून मी शिक्षण कार्यालयात अर्ज दिला होता. ‘तुमची नेमणूक तात्पुरती आहे’ एवढेच तोंडी उत्तर मिळाले. लेखी उत्तरासाठी कन्नडमध्येही अर्ज दिला, त्यालाही दोन महिने झाले. नेमणुकीची पत्रे, हजेरीपत्रके आणि बँकेच्या नोंदी माझ्याजवळ आहेत. खर्चिक वकील परवडणार नाही. नोकरी सोडण्याचा सल्ला कृपया नको.

अतिथी शिक्षकाने अशा मागणीसाठी प्रथम सरकारी नोकरीविषयीचे वाद ऐकणाऱ्या कर्नाटक प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या बेळगाव पीठाकडे जावे, की थेट उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठात रिट याचिका करावी, आणि आपल्यापैकी कोणी हे प्रत्यक्ष केले आहे काय?