साइटवर सुधारणा टिकत का नाही? कोणी खरंच राबवलंय का?

प्लॅनिंगवाला:
मंडळी, एक विचारायचं होतं. मध्यम आकाराच्या बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघतो. वरून फतवा आलाय की यंदा कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट करायची, म्हणजे काय तर प्रत्येक साइटने महिन्याला एक सुधारणा फॉर्मवर भरून पाठवायची. लोक महिनाअखेरीला "साहित्य नीट रचून ठेवले" असलं काहीतरी खरडून मोकळे होतात. आणि तिकडे दर मजल्याला तेच, स्लॅब भरून झाला की प्लंबर येतो, स्लीव्ह (पाइप जायला स्लॅबमध्ये आधीच सोडायची नळी) राहिली म्हणतो, मग आणा स्लॅबला भोक पाडायला कोअर कटिंगचं मशीन. एका साइटवर कळलेलं दुसरीकडे पोचतच नाही कारण काम संपलं की टीमच फुटते. कारखान्यात जमतं ते आपल्याकडे का नाही जमत?

कॉलम_बीम:
फॉर्म आधी बंद करा. स्लीव्हचंच घ्या, पोअर कार्डवर (काँक्रीट ओतायच्या आधी भरायचं तपासणीचं कार्ड) सही कोण करतं? बहुतेक ठिकाणी फक्त सिव्हिलवाले. प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलची सही असल्याशिवाय काँक्रीट मागवायचं नाही. पण नुसत्या सहीने पण भागत नाही, प्लंबरला बोलावता कधी ते बघा. शटरिंग (काँक्रीटचा प्लायचा साचा) झालं की सळई पडायच्या आधी प्लायवर मार्किंग त्याने स्वतः करायचं. सळईच्या दोन्ही जाळ्या बांधून झाल्यावर बोलावलंत तर तो एकतर सळई कापणार नाहीतर स्लीव्ह सरकवणार, आणि ती व्हायब्रेटर लागला की अजून सरकते. आम्ही एवढाच क्रम बदलला, कोअर कटिंग जवळजवळ थांबलं. कुठल्या फॉर्मवर लिहिलं नाही, कोणी बक्षीसपण दिलं नाही म्हणा 😄

गुरुवारची_मीटिंग:
यावर बराच अभ्यास झालाय. संशोधक लॉरी कोस्केला यांनी १९९२ मध्येच कारखान्यातल्या कल्पना बांधकामात कशा लागू होतील यावर रिपोर्ट लिहिला होता, नंतर ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी लास्ट प्लॅनर पद्धत आणली. बॅलार्ड यांनी साइटवरचे आठवड्याचे प्लॅन तपासले तर ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्मीच वेळेत होत होती. पद्धत साधी आहे, पुढच्या आठवड्यात काय करणार ते मुकादम आणि ठेकेदारांनी स्वतः सांगायचं, आठवडा संपला की झालं का नाही एवढंच बघायचं आणि नाही झालं तर कारण लिहायचं, ड्रॉइंग नव्हतं, माल नव्हता, आधीचं काम अडलं होतं. २० पैकी १४ झाली तर ७० टक्के. महिनाभराने कारणं मोजा, एकच कारण सारखं वर येतं, ते मिटवा. फक्त हा आकडा घेऊन कोणाला झापू नका, झापलंत की लोक हमखास होणारी कामंच कबूल करतात आणि टक्केवारी झकास दिसते, साइट मात्र तिथेच.

रेट_ॲनालिसिस:
सगळं खरं, पण ठेकेदाराने का सुधारायचं ते सांगा? तो आयटम रेटवर, म्हणजे जेवढं काम तेवढं बिल, असं काम करतो. हनीकोम्ब झालं, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या राहिल्या, की त्या भरायचं, ग्राउटिंगचं, वेगळं बिल लावतो, फोडाफोडीचे पैसे कितीदा एक्स्ट्रा म्हणून पास होतात ते बिलिंगवाल्यांना विचारा. चूक कोणाची हे ठरवायची व्यवस्थाच नसेल तर दुरुस्ती हाच धंदा होतो. शिवाय सायकल टाइम (कामाच्या एका फेरीला लागणारा वेळ) कमी केला की पुढच्या टेंडरला रेट पाडून मागतात, मग परत कोण सांगेल युक्ती.

प्लॅनिंगवाला:
बिलाचा मुद्दा डोक्यातच नव्हता. ही आठवड्याच्या प्लॅनची मीटिंग एका साइटवर सुरू करून बघतो. पण टीम फुटल्यावर काय? आमच्याकडे शेवटी पीपीटी बनते आणि सर्व्हरवर पडून राहते.

कॉलम_बीम:
पीपीटी कोण उघडतंय. जे शिकलात ते पोअर कार्डच्या नमुन्यात, स्टँडर्ड ड्रॉइंगमध्ये आणि ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरच्या अटीत घाला. नवा इंजिनिअर काही वाचणार नाही पण कार्ड त्याला भरावंच लागतं. आणि डिझाइनवाल्यांना एकदा साइटवर आणा, निम्म्या स्लीव्ह मुळात ड्रॉइंगमध्येच नसतात.