इन्व्हर्टरला बॅटरीऐवजी सिरॅमिक कॅपॅसिटर चालतील का?

केळीवाला (रावेर तालुका):
मळ्यातल्या खोलीत १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी आहे. ठिबकचा कंट्रोलर, दोन बल्ब, एक पंखा. वर पत्रा. दोन उन्हाळे काढले की बॅटरी बसते, ही तिसरी. पोरगा म्हणतो, सिरॅमिक कॅपॅसिटर उन्हाला दाद देत नाही, चार्जही क्षणात होतो. नवीन बॅटरी घेऊ, की थोडं थांबू?

सोल्डरवाला, भुसावळ:
थांबू नका भो. पोराचं अर्धं बरोबर आहे. सिरॅमिक कॅपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा बारका तुकडा: बेरियम टायटनेट या सिरॅमिकचे पातळ थर, मध्ये धातूचे थर. बॅटरीसारखं आत वाळायला पाणीच नाही. एक्स-७-आर जातीचा कॅपॅसिटर १२५ अंशांपर्यंत तग धरतो, आपल्या मे महिन्याचं त्याला काहीच नाही.

पण साठा बघा. ५० व्होल्टचा १० मायक्रोफॅरडचा तुकडा पूर्ण भरला तरी ०.०१२५ ज्यूल. तुमच्या बॅटरीत साधारण ६५ लाख ज्यूल. म्हणजे ५२ कोटी तुकडे! त्यातही व्होल्टेज चढलं की यांची क्षमता घसरते. मी मीटरवर पाहिलंय, छापलेल्या आकड्याच्या निम्मीही उरत नाही. बॅटरी म्हणजे विहीर, हा तांब्या. एका दमात ओततो, मायक्रोसेकंदात, पण रात्रभर पुरत नाही. झटक्याने ताकद लागते तिथे याला तोड नाही आणि संशोधनही जोरात चालू आहे.

आणि नाजूक किती! परवा एक ठिबकचा कंट्रोलर आला, पूर्ण बंद. भिंगाखाली धरला तर टर्मिनलच्या स्क्रूशेजारच्या कॅपॅसिटरला केसाएवढी तिरपी चीर. स्क्रू आवळताना बोर्ड वाकला, चीर गेली, आत शॉर्ट. पाच मिनिटांचं काम, पण शेतकऱ्याचं दोन दिवसांचं पाणी चुकलं. वायर जोडताना बोर्डला खालून बोटाचा आधार द्या.

जळगावकर:
मग सुपरकॅपॅसिटर?

सोल्डरवाला, भुसावळ:
तो वेगळा प्रकार, त्यात कार्बन असतो. सिरॅमिकपेक्षा साठा खूप जास्त, तरी किलोमागे तुमच्यासारख्या लेड-ॲसिड बॅटरीच्या कितीतरी खाली. केळीवाले दादा, २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तिला पत्र्याखालून काढा.

केळीवाला (रावेर तालुका):
विहिरीजवळ निंबाखाली धाब्याची खोली आहे, तिथे हलवतो. कंट्रोलरचे स्क्रू मात्र मीच पक्कडीने आवळले होते. उद्या खोलून बघतो.