दोन्ही महायुद्धांत गोवा नक्की कुठे होता?

वास्कोकर: मुरगाव बंदरात जर्मन जहाजं बुडवली असं आजोबा सांगायचे, पण पोर्तुगाल तटस्थ होता ना, मग इथे लढाई कशी?

फोंडेकर: दुसऱ्या महायुद्धात तटस्थच होता, म्हणून तर १९३९ ला जर्मन जहाजं इथे आसऱ्याला आली. त्यातल्या एहरेनफेल्स या जहाजावरून ब्रिटिश जहाजांची खबर पाणबुड्यांना जाते असा इंग्रजांना संशय, उघड हल्ला केला तर पोर्तुगाल बिथरेल, म्हणून ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेले नोकरीधंदेवाले हौशी स्वयंसेवक, बरेचसे पन्नाशीकडे झुकलेले, त्यांनी छापा घातला!! खलाशांनी मग स्वतःच जहाजं बुडवली, तीन जर्मन आणि एक इटालियन.

डिचोलीचो: बाब, पहिल्यात मात्र तटस्थ राहता आलं नाही. ब्रिटनच्या सांगण्यावरून पोर्तुगालने आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं जप्त केली आणि जर्मनीने ९ मार्च १९१६ ला युद्धच पुकारलं, तारीख बघा, तीच. साराजेवोला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला ते निमित्त सगळे सांगतात, पण मोठ्यांचे करार असे की एकाने ओढलं की दुसरा फरफटत जातो.

वास्कोकर: अरे बापरे, म्हणजे आजोबा थापा मारत नव्हते तर 😄