नावापुढे पाच पदव्या आणि नुसतं एमएस

बी-१०४: नमस्कार सोसायटीतली मंडळी. आईच्या पित्ताशयात खडे निघालेत, दुर्बिणीतून काढायला सांगितलंय. दोन सर्जन सुचवलेत. एकाच्या नावापुढे एमबीबीएस, एमएस, एफएमएएस, एफआयएजीईएस, एफआयसीएस. दुसऱ्याच्या नावापुढे नुसतं एमबीबीएस, एमएस. पहिलाच भारी समजायचा का? आणि हे खरं की खोटं तपासायचं कुठे?

ए-३०२: आधी केसपेपर किंवा पावती हातात घ्या. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर आणि पैशाच्या पावतीवरही असायलाच हवा, २००२च्या आचारसंहितेत तसं स्पष्ट आहे. मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नोंदणीकृत डॉक्टर शोधायची सोय आहे, तिथे तो क्रमांक टाका. नावाने शोधत बसू नका. स्पेलिंग वेगळं असतं, बाई डॉक्टरांचं माहेरचं आडनाव नोंदीत राहिलेलं असतं, एकाच नावाचे चारजण निघतात. नंबरने एकच माणूस येतो.

बऱ्याच नोंदणी क्रमांकांची रचनाच सन/महिना/अनुक्रम अशी असते, म्हणजे २००४/०३/ आणि पुढे आकडे. यातलं साल एमबीबीएसनंतरच्या नोंदणीचं, एमएसचं नव्हे. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक नुसते सरळ आकडे असतात, त्यात शंका घेऊ नका.

बी-१०४: नंबर टाकला की काय बघायचं?

ए-३०२: चार गोष्टी. नाव जुळतंय का. एमबीबीएसखेरीज पुढची पदवी नोंदलेली आहे का, कोणत्या विद्यापीठाची, कोणत्या सालची. नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, कारण आपल्याकडे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाचे, ३० क्रेडिट गोळा करावे लागतात. चौथी गोष्ट लोक विसरतात: वय. नोंदणी १९९२ची आणि समोर बसलेला माणूस पस्तिशीचा, तर दुसऱ्याचा नंबर वापरलेला असू शकतो.

पाटीवर एमएस आहे पण कौन्सिलच्या नोंदीत एमबीबीएसच दिसतंय, तर सरळ विचारा, "सर, एमएसची नोंद केलेली नाही का?" काहींनी पदवी घेतलेली असते, नोंद करायची राहिलेली असते. ते मूळ प्रमाणपत्र दाखवतात आणि विषय संपतो. जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. खोट्या पदव्या हा काल्पनिक धोका नाही. २०१८ मध्ये कौन्सिलने सीपीएस (कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स) या संस्थेच्या बनावट प्रमाणपत्रांवरून पन्नासहून जास्त डॉक्टरांवर कारवाई केली होती.

डी-२०१: हल्ली कौन्सिलने क्यूआर कोडही काढलाय ना, दवाखान्यात लावायला?

ए-३०२: हो, पण स्कॅन केल्यावर उघडलेलं पान कौन्सिलचंच आहे ना, ते वरच्या पत्त्यात बघायचं. क्यूआर कोणीही छापू शकतो.

सी-७०४: आता पदव्यांचं. बी-१०४, घाबरू नका, पण पाच अक्षरगट बघून भारावूनही जाऊ नका. सर्जनचं मूळ शिक्षण म्हणजे एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमएस जनरल सर्जरी किंवा डीएनबी जनरल सर्जरी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी). दोन्ही तोलामोलाचे, डीएनबी "खालचं" वगैरे काही नसतं. त्याच्यावर एमसीएच किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटी, आणखी तीन वर्षं. बाकी "एफ"ने सुरू होणारी बरीचशी मंडळी म्हणजे संघटनांच्या फेलोशिप. एफएमएएस आणि एफआयएजीईएस दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या संघटना देतात: थोड्या दिवसांचा कोर्स, परीक्षा. चांगलं आहे, माणूस शिकत राहतोय हे कळतं. पण ती तीन वर्षांची पदवी नव्हे. एफआयसीएस तर आंतरराष्ट्रीय संस्थेचं सदस्यत्व.

एमआरसीएस आणि एफआरसीएस यातही गल्लत होते. एमआरसीएस ही ब्रिटनमध्ये प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या टप्प्यावरची परीक्षा. विषय कंसात लिहिलेली एफआरसीएस प्रशिक्षणाच्या शेवटी.

बी-१०४: म्हणजे फक्त एमएसवाले सर कमी नाहीत?

सी-७०४: कमी नाहीत, पण एमएस कशातलं ते आधी बघा! हाडांचं एमएस असतं, डोळ्यांचं असतं, कान-नाक-घशाचं असतं. आयुर्वेदात शल्यतंत्राचंही एमएस आहे. नोव्हेंबर २०२०च्या अधिसूचनेत आयुर्वेदाच्या शस्त्रक्रियेशी संबंधित पदव्युत्तर अभ्यासक्रमांत मिळून ५८ प्रक्रिया घातल्या, त्यावरून बराच वाद झाला. तो वाद इथे नको. फक्त पाटीवर नुसतं "एमएस" असेल तर कोणतं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आयुर्वेदवाल्यांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे सापडणार नाही. ती महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, म्हणजे एमसीआयएमकडे असते. पावतीवर नंबराआधी काय लिहिलंय ते वाचा.

आणि साध्या खड्यांसाठी एमसीएच शोधत फिरू नका. मूळ एमएस जनरल सर्जरी आणि हात बसलेला असणं पुरे. पित्तनलिकेत खडा, कॅन्सरचा संशय, आधीच्या ऑपरेशनमध्ये नलिकेला इजा, यातलं काही असेल तर मात्र सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजीवालाच, म्हणजे पचनसंस्थेचा खास सर्जन.

डी-२०१: दुर्बीण न शिकलेले जुने सर्जन नसतात का पण?

सी-७०४: आपल्याकडे पहिलं दुर्बिणीचं पित्ताशय ऑपरेशन डॉ. तेहेम्टन उडवाडियांनी १९९० मध्ये मुंबईत जेजेला केलं. त्याआधी एमएस झालेल्या प्रत्येकाला हे नंतरच शिकावं लागलं. मग पदवीत "लॅप" नाही म्हणून त्यांना नाकारायचं का? विचारायचं ते हातांबद्दल.

बी-१०४: सर्जनला नक्की काय विचारू? "किती केलीत" विचारलं तर राग येईल.

सी-७०४: येऊ देत. महिन्याला किती करता हे विचारा, "आजवर हजारो" हे उत्तर नव्हे. मग विचारा: पित्ताशय सुजून चिकटलेलं निघालं तर काय करता? या ऑपरेशनमधली खरी भीती म्हणजे मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाणं. हजारात साधारण ३ ते ५ जणांना होतं आणि बहुतेक वेळा कारण एकच, सर्जनला ती नलिका पित्ताशयाचीच वाटते. म्हणून कापण्याआधी पित्ताशयाचा नलिकेकडचा खालचा भाग यकृतापासून सोडवून फक्त दोनच रचना आत जाताना दिसतायत याची खात्री करतात, त्याला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात. तो मिळाला नाही तर चांगला सर्जन अर्धवट पित्ताशय काढून थांबतो किंवा पोट उघडतो. "मला उघडायची वेळच येत नाही" हे वाक्य अभिमानाने ऐकवलं तर कान टवकारा. उघडणं म्हणजे अपयश नाही, बऱ्याचदा शहाणपण असतं.

आणि हेही: कापणारा हात स्वतःचा की असिस्टंटचा? तपासण्यांत एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) वाढलेलं किंवा नलिका फुगलेली असेल तर आधी एमआरसीपी, म्हणजे नलिकेचा एमआरआय, होणार का? नलिकेतला खडा काढायला ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून) कोण करणार, कुठे?

ए-३०२: आणि संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घ्या, टेबलावर जाताना सही करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या निकालात म्हटलंय की एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या, वेगळ्या शस्त्रक्रियेला चालत नाही, जिवावर बेतलं असेल ते वेगळं. दुर्बिणीतून जमलं नाही तर उघडण्याची संमती त्यात लिहिलेली आहे का वाचा.

एफ-५०१: भूल कोण देणार हे कोणीच विचारत नाही बघा 😐

सी-७०४: काकू, अगदी बरोबर. भूलतज्ज्ञाचं नावही नंबरसकट घ्या. एमडी ॲनेस्थेशिया, डीएनबी किंवा डीए (भूलशास्त्राची पदविका). या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिमी पारा दाबाने. त्याने छाती दबते, हृदयावर ताण येतो, म्हणून पूर्ण भूल लागते. आईंना बीपी, दमा, शुगर असेल तर भूलतज्ज्ञ आधी भेटायला हवा, ऑपरेशनच्या सकाळी नव्हे. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ आहे का हेही विचारा. पेशंटच्या नातेवाइकाने हे विचारलं की समोरचा नीट बोलायला लागतो 😄

डी-२०१: रात्री आरएमओ (हॉस्पिटलमध्ये थांबणारा डॉक्टर) कोण असतो तेही. सर्जन संध्याकाळी घरी जाणार. पहाटे दोनला पोट फुगलं, ताप आला तर बघणारा कोण, किती मिनिटांत सर्जन येतो. आयसीयू त्याच इमारतीत आहे की ॲम्ब्युलन्सने न्यायचं. नर्सिंग होमचं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं, त्यावरची मुदत बघा. १९४९च्या कायद्याखाली ती नोंदणी तीन वर्षांची असते.

एफ-५०१: पहिल्या सरांना गूगलवर ४.९ आहेत. आणि इन्शुरन्सच्या यादीत पण आहेत.

डी-२०१: कॅशलेसच्या यादीत हॉस्पिटल असतं, सर्जन नाही. कंपनी दर, खाटा, कागद बघते, हात बघत नाही. गूगलवरचे तारे रिसेप्शन, पार्किंग आणि गोड बोलण्याला असतात. एक आणि दोन तारेवाले वाचा, तेही "बिल जास्त"वाले सोडून. "डिस्चार्जनंतर पुन्हा ॲडमिट", "कावीळ झाली", "डॉक्टर फोन उचलत नाहीत" असं तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलंय का बघा. ग्राहक न्यायालयात एखादी केस आहे म्हणून मात्र लगेच काट मारू नका, वीस वर्षं काम करणाऱ्यावर एखादी असायचीच. निकाल काय लागला ते महत्त्वाचं.

ए-३०२: फॅमिली डॉक्टरला "कोणाकडे जाऊ" विचारण्यापेक्षा "तुमच्या आईला कुठे नेलं असतं" विचारा. कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवण्याचं कमिशन, आहे हे सगळ्यांना माहीत आहे, नियमात बंदी असूनही. पाठवण्याचं कारण त्यांनी वैद्यकीय भाषेत सांगितलं तर बरं. आणि दुसऱ्या सर्जनकडे सेकंड ओपिनियनला जाताना सोनोग्राफीची फिल्म आणि एलएफटीचे आकडे न्या, पहिल्याने काय सांगितलं ते आधी सांगू नका.

ॲडमिन: कृपया डॉक्टरांची नावं ग्रुपवर लिहू नका, खासगीत बोला 🙏

बी-१०४: नावं नाही लिहीत. एमएसवाल्या सरांचा नंबर टाकून बघितला. नाव जुळतंय, एमएस जनरल सर्जरी १९९६. पण वैधता मागच्या महिन्यात संपलेली दाखवतंय. पाच पदव्यावाल्या सरांच्या पावतीवर नंबरच नाही, नुसता शिक्का.

ए-३०२: एमएसवाल्यांच्या रिसेप्शनवर नूतनीकरणाच्या अर्जाची पावती मागा, अर्ज करून प्रक्रिया रखडलेली असू शकते. पाच पदव्यावाल्यांकडे नंबर लेखी मागा. फोनवर सांगतो म्हणाले तर "पावतीवर लिहून द्या, इन्शुरन्सला लागतो" म्हणा.