टोकियोत पहिले दिवस: लेकीच्या सामानात काय भरू?

लेक अकरावीत, कॉलेजच्या ग्रुपबरोबर टोकियोला चाललीये. शुद्ध शाकाहारी. दशम्या, मेतकूट बांधलंय. चार्जर चालेल का?

सातारकर: तिथे १०० व्होल्ट, दोन चपट्या पिनांचा प्लग. मोबाइलचा चार्जर चालतो, अडॅप्टर मात्र इथूनच घ्या. पाणी तापवायची आपली कॉइल नको, धड तापणार नाही.

पुण्याची मावशी: अहो, मिसो सूपला (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) भुलू देऊ नका! त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. कोन्बिनीत, म्हणजे तिथल्या छोट्या दुकानांत, उमेबोशीचा (खारवलेलं आंबट फळ) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा मिळतो, खारट-आंबट. भाचा त्यावरच जगला. तरी पाकिटावरचे घटक तपासायला सांगा.

लेकीची आई: आणि झोपेचं?

सातारकर: जपान साडेतीन तास पुढे. सकाळी सातला उठवतील तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन. पोरं बसमध्ये पेंगणारच, पेंगू द्या.