मदत हवी आहे: बेदाण्यावरच्या प्रोजेक्टसाठी सॅम्पल किती आणि कुठून घ्यायचं?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, रिसर्च प्रोजेक्ट करायचाय. विषय असा की तासगाव तालुक्यातले शेतकरी बेदाणा तयार झाला की लगेच सौद्यात (लिलावात) काढतात का कोल्ड स्टोरेजला ठेवून दराची वाट बघतात, आणि हे ते कशावरून ठरवतात. घरची द्राक्षबाग आहे, माल शेडवरनं उतरला की आमच्याकडं हीच चर्चा असते, त्यामुळं नुसतं उरकायचं म्हणून करायचं नाहीये, नीट करायचंय.

अडलंय ते मेथडॉलॉजीच्या चॅप्टरला. सर म्हणाले शंभर शेतकरी बास. मैत्रीण म्हणते 384 च लागतात, तिनं कुठल्यातरी टेबलातनं काढलंय. हे 384 येतं कुठून आणि मला लागू आहे का? दुसरं, सॅम्पल रँडम पाहिजे म्हणतात, तर मी सौद्याच्या दिवशी मार्केट यार्डात बसून येतील त्यांच्याकडनं गुगल फॉर्म भरून घेणार आहे, एकाच जागी सगळे भेटतात. चालेल ना? आणि क्रोनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) सगळ्याच प्रश्नांचा काढायचा असतो का? वय, एकर, कर्ज असलं पण विचारलंय आणि सहमत-असहमतवाले पण आहेत. शोधगंगावरचे थिसिस बघितले तर प्रत्येकात वेगळंच. जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १
ताई, विषय फार चांगला घेतलाय. 384 मागं गूढ काही नाही. 95 टक्के खात्री, पाच टक्के इकडंतिकडं, आणि निम्मे ठेवतात निम्मे विकतात असं धरलं की 1.96 (95 टक्के खात्रीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले 0.25 (निम्मे गुणिले निम्मे) भागिले 0.0025 (पाच टक्क्यांचा वर्ग) करायचं, उत्तर 384 च्या आसपास येतं. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या सॅम्पल किती घ्यायचं त्याच्या टेबलात दहा लाख लोकसंख्येपुढं हाच आकडा आहे. शंभर घेतले तर चूक साधारण दहा टक्क्यांवर जाते, एमएच्या प्रोजेक्टला मला तरी ते पटतं, फक्त तसं लिहा. पण ही दोन्ही गणितं सॅम्पल रँडम असेल तरच खरी.

आणि खरी अडचण तिथंच आहे, यार्डात. त्या दिवशी यार्डात भेटणार कोण, ज्यानं विकायचं ठरवलंय तो. ज्याचा माल अजून कोल्ड स्टोरेजला आहे तो घरी आहे. म्हणजे तुम्हाला जे शोधायचंय त्याच्यावरच तुमची माणसं आधी चाळली गेली! मार्चात बसलात तर एक उत्तर येईल, दिवाळीच्या आधी बसलात तर दुसरं, आणि 384 काय हजार फॉर्म भरले तरी हा दोष जात नाही. रँडम म्हणजे समोर येईल तो नव्हे, यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जायची संधी पाहिजे. सावळज, मणेराजुरी अशी द्राक्षाची गावं आहेत, त्यातली काही चिठ्ठीनं काढा, कृषी सहाय्यकांकडं बागायतदारांची यादी मिळते का बघा, त्यातनं परत चिठ्ठ्या टाका. लहान-मोठी बाग असे गट पाडून काढलंत तर अजून चांगलं. यादी नाहीच मिळाली तर सोयीनुसार निवडलेला नमुना असं सरळ लिहा, मग फक्त अख्ख्या तालुक्याबद्दल बोलू नका.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. अल्फा फक्त एकच गोष्ट मोजणाऱ्या सहमत-असहमतवाल्या प्रश्नांचा, 0.7 च्या वर आला की ठीक धरतात. वय आणि एकर त्यात घालू नका. "दर आणि पेमेंट वेळेवर व योग्य मिळतं का" असला प्रश्न असेल तर त्याचे दोन वेगळे प्रश्न करा, दर बरा आणि पैसे उशिरा असं असेल तर माणूस काय टिक करणार? फॉर्म स्वतः विचारून भरा, आणि आधी आठ-दहा जणांवर पायलट (फॉर्मची चाचणी) घ्या, ते अंतिम आकड्यात धरू नका. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबर छाटणीत जाऊ नका, कुणाला बोलायला सवड नसते.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. यार्डाचं तर डोक्यातच आलं नव्हतं, आता गावंच घेते. एक राहिलं, यादीत नाव वडिलांचं असतं आणि विकायचं कधी ते थोरला मुलगा ठरवतो, मग विचारायचं कुणाला?

प्रतिसाद १
एकक कुटुंब धरा. गेल्या हंगामात माल कधी काढायचा हे ज्यानं ठरवलं त्याला विचारा, बाई असली तर बाईला. हा नियम फिल्डवर जायच्या आधी लिहून ठेवा आणि सगळ्या घरांना तोच लावा.