एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं म्हणजे नेमकं काय झालं?

वैशाली, मिरज
सासऱ्यांना शुगरसाठी एम्पाग्लिफ्लोझिन चालू आहे. एक गोळी साठ रुपयांच्या घरात पडायची. आता मेडिकलवाले दादा म्हणतात, पेटंट संपलंय, तेच औषध दुसऱ्या कंपनीचं स्वस्तात देतो. सासरे तयार नाहीत. औषध येऊन दहा-अकरा वर्षंच झाली, मग वीस वर्षांचं पेटंट संपलं कसं? आणि हे आपण कुठे बघायचं?

फार्मसीवाला, सोलापूर
वैशालीताई, वीस वर्षं मोजतात ती अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून, विक्री सुरू झाल्यापासून नाही. याचा अर्ज 11 मार्च 2005 चा. चाचण्या आणि मंजुऱ्यांत नऊ वर्षं गेली, 2014 मध्ये युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. मुदत मात्र चालूच होती. 11 मार्च 2025 ला ती भारतात संपली. लगेच कितीतरी कंपन्यांच्या गोळ्या आल्या, काही दहा रुपयांच्याही आत. चाचण्या-मंजुऱ्यांत गेलेली वर्षं अमेरिकेत मुदत वाढवून काही प्रमाणात भरून मिळतात. आपल्या कायद्यात ती सोय नाही आणि नाही तेच बरं.

काकांना सांगा, भाव उतरला तो मक्तेदारी गेली म्हणून. पाकिटावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम तेच आहेत का बघा, आणि ब्रँड बदलल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

पेटंट ऑफिसच्या साइटवर शोध घेता येतो, पण ब्रँडचं नाव टाकून सहसा काही हाती लागत नाही. पेटंट क्रमांक मिळाला तर तारखेबरोबर सद्यस्थितीही बघा. वार्षिक फी भरली नाही तर पेटंट आधीच बाद होतं.

अनघा, पुणे
एका औषधावर एकच पेटंट असतं असं नाही, हे यात जोडते. मूळ रेणूचं वेगळं, त्याच्या क्षाराचं (म्हणजे तेच औषध ज्या मिठासारख्या रूपात गोळीत घालतात त्याचं) वेगळं, दोन औषधांच्या मिश्रणाचं आणखी वेगळं. टीबीच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै 2023 मध्ये संपत होतं, पण कंपनीने फ्युमरेट क्षारासाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर 2027 पर्यंत थांबावं लागलं असतं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली. दोघी टीबीतून बऱ्या झालेल्या, आणि जुन्या औषधांनी दोघींचं ऐकू येणं गेलेलं. मार्च 2023 मध्ये अर्ज फेटाळला गेला. मला या दोघींचं फार मोठेपण वाटतं.

वैशाली, मिरज
सासऱ्यांची दुसरी गोळी दोन औषधांची एकत्र आहे. तिचं काय?

फार्मसीवाला, सोलापूर
दोन्ही औषधांची नावं इथे लिहा. प्रत्येकाचं वेगळं बघावं लागेल, शिवाय मिश्रणाचंही.